अर्लीची चौदा शून्यं

शून्याच्या बाबतीत आपल्याला कोणी काही शिकवू नये, असं लीलावतीबाईंचं स्पष्ट मत होतं. पुण्याला हवामान खात्यात तेहतीस वर्षं त्यांनी पावसाचे आकडे तपासले होते. गावोगावच्या केंद्रांवरून महिन्याचे तक्ते येत. पाऊस नसलेल्या दिवशी कोणी आळसानं रकान्यात नुसती रेघ मारली, की बाईंचं पत्र गेलंच म्हणून समजा. पत्रात तीनच वाक्यं असत. "शून्य म्हणजे मोजलं, आणि पाऊस नव्हता. रेघ म्हणजे मोजणाराच जागेवर नव्हता. आपण कोठे होतात?" कोकणातल्या एका मास्तरांनी या पत्राची इतकी धास्ती घेतली, की पुढं ऐन जुलैतही ते शून्यं लिहून पाठवू लागले, असं म्हणतात.

अशा या बाई २००७ च्या एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी मुलाकडे रीडिंगला आल्या. घर अर्लीत, म्हणजे रीडिंगच्या त्या भागात जिथं दर तिसऱ्या दारातून फोडणीचा वास येतो. मुलगा यतीन बेसिंगस्टोकच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहीत असे. सकाळी सात चाळीसची ट्रेन, संध्याकाळी सातला घरी, आणि शनिवारी मागच्या अंगणातलं गवत कापणं. तीन वर्षांत तो त्या गवताशी जेवढं बोलला असेल, तेवढं गावातल्या एकाही मराठी माणसाशी बोलला नव्हता. स्वभावच लाजरा. सून वैभवी बोलकी होती, पण एकटी ती किती घरं जोडणार?

बाईंना याचा घोर लागला होता. ऑक्टोबरात आपलं विमान. त्यानंतर या मुलाला अडीअडचणीला हाक मारायला चार घरं असावीत, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि देवानं ऐकलं म्हणा, जुलैत रीडिंगच्या मराठी मंडळाची मीटिंग त्यांच्याच दिवाणखान्यात भरली.

मंडळात छप्पन्न घरं. गणपतीचं जेवण म्हणजे प्रत्येक घरानं एकेक पदार्थ चाळीस माणसांना पुरेल एवढा करून आणायचा. कोणी काय आणायचं हे बारा वर्षं ठरवत होत्या कॅव्हर्शमच्या आशाताई, आपल्या निळ्या दोनशे पानी वहीत. वहीत ओळी, ओळींत नावं, नावांपुढं पदार्थ. संध्याकाळभर फोन करायचे आणि पुढं टिक मारायची. बारा वर्षांत एकदाही घोळ नाही.

"या वर्षी वहीला विश्रांती द्या," लीलावतीबाईंनी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं. "आमचा यतीन सगळं कॉम्प्युटरवर करून देईल."

यतीन चिवड्याची बशी घेऊन उभा होता. तो तसाच उभा राहिला, फक्त चिवडा हलला.

आशाताई हसल्या. म्हणाल्या, करू दे की, मलाही जरा आराम. पण वही त्यांनी पर्समध्ये ठेवताना अशी ठेवली, जशी माहेरी निघालेली बाई दागिने ठेवते. मंडळाचे अध्यक्ष मुरलीधरपंत मात्र खूश झाले. रवी क्रॉयडनला राहायला गेल्यापासून सेक्रेटरीची जागा रिकामीच होती. जेवण नीट पार पडलं तर त्याच दिवशी यतीनचं नाव जाहीर करू, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

त्या रात्री बाईंना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून यतीन कामाला लागला. त्यानं एक तक्ता केला. घरांना नंबर दिले, एक ते छप्पन्न. एका यादीत नंबर आणि नाव, दुसऱ्या यादीत नंबर आणि पदार्थ. कॉम्प्युटरनं नंबर जुळवायचा आणि ज्याचं त्याला ईमेल पाठवायचं. साधा, सरळ हिशेब.

बाईंनी तो पाहिला आणि नाक मुरडलं. नुसते नंबर तर कैद्यांनाही देतात. हवामान केंद्राचा नंबर वाचला की केंद्र कुठल्या भागात आहे ते कळतं, तसा नंबर हवा! मग त्यांनी स्वतः पद्धत बसवून दिली. मधोमध भागाच्या इंग्रजी स्पेलिंगातलं पहिलं अक्षर. अर्लीचा ई, टाइलहर्स्टचा टी, वुडलीचा डब्ल्यू, कॅव्हर्शमचा सी. शेवटी घराचा नंबर. आणि सगळ्यात आधी एक आकडा: आरतीनंतर थेट पंगतीत जायचा पदार्थ असेल तर एक, देवापुढं जायचा असेल तर शून्य.

"शून्य कशाला, आई?" यतीन म्हणाला. "एक आणि दोन ठेवू या ना."

"एक नंबर माणसांचा. देव त्याच्या आधी. म्हणून शून्य."

आई इतक्या खुशीत त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. त्यानं मुकाट्यानं सगळे नंबर एका साध्या फाइलीत टाइप केले आणि पुन्हा न बघता तक्त्यात ओतले.

गणपतीसाठी घेतलेला हॉल अर्लीतच होता. गरम पदार्थ पाच मिनिटांत पोचावेत म्हणून देवापुढचं सगळं अर्लीच्या चौदा घरांकडे सोपवलं. मोदक, वरण, भात, पुरण, पंचामृत, सगळं. नंबर 0E1 पासून 0E14 पर्यंत. पहिला नंबर अर्थात स्वतःच्या घराला, आणि त्याच्यापुढं वाटली डाळ.

वाटली डाळ ही बाईंची खासियत. भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटायची, फोडणीत मोकळी करायची, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. गणपती बोळवताना हीच खिरापत वाटतात. हॉल संध्याकाळी सहापर्यंतच मिळायचा, त्यामुळे रीडिंगचा गणपती सकाळी येई आणि संध्याकाळी जाई. त्याला निरोप आपल्या हातचा, हा मान बाईंनी स्वतःकडे राखून ठेवला होता.

त्या रविवारी त्यांनी फोनचं कार्ड काढून पुण्याला धाकट्या बहिणीला, सुमनला, अर्धा तास सगळं ऐकवलं. शून्याचं कारणही ऐकवलं. सुमन म्हणाली, छान आहे हो. सुमनचं "छान आहे हो" हे बाईंना आयुष्यात कधीच पुरेसं वाटलं नव्हतं.

ईमेलं गेली. एक दिवस झाला, दोन झाले, कोणाचा फोन नाही. आशाताईंच्या काळात म्हणे आठवडाभर फोन वाजत. बाईंनी ही शांतता वैभवीला बोलावून ऐकवली.

पण अर्लीतल्या शांततेचं कारण निराळंच होतं. तिथल्या प्रत्येक घरात ईमेल आलं होतं: आपण वाटली डाळ आणावी, माणसं चाळीस. नीनाला वाटलं, गेल्या वर्षी आपण केलेली डाळ कोणाच्या तरी लक्षात राहिली. सुनेत्राच्या डाळीला तिच्या सासूबाई सतरा वर्षं गिचका म्हणत आल्या होत्या. तिनं ईमेल छापून फ्रिजवर लावलं. अक्षयानं तर नवऱ्याला बजावलं, की कोणाजवळ बोलू नकोस, उगाच दुसरी कोणी मागून घेईल. ईमेलच्या वर नंबराच्या जागी 0.00E+00 असं काहीतरी होतं. ते सगळ्यांनी कॉम्प्युटरचं खासगी बोलणं समजून सोडून दिलं. आणि खुद्द बाईंच्या घरी आलेलं ईमेल कोणी उघडलंच नाही. आपल्याकडे काय आहे ते पाठ होतं की!

चतुर्थी शनिवारी होती. सकाळी अकराला बाई मोरपंखी काठांची साडी नेसून हॉलच्या दाराशी उभ्या राहिल्या. हातात पदार्थांची छापील यादी, कानामागे पेन्सिल. आत मुरलीधरपंत मखर लावत होते. आरती साडेबाराला.

पहिली आली नीना. झाकण उघडलं, वाटली डाळ. बाईंना वाटलं, पोरीनं हौसेनं जास्तीचं केलंय. त्यांनी कौतुक केलं. दुसरी आली सुनेत्रा. झाकण उघडलं, वाटली डाळ. बाईंनी यादी पाहिली, मग डाळ पाहिली, मग सुनेत्राकडे पाहिलं. तिसरी आली अक्षया, झाकणावर रुमाल बांधून, जणू आत राजघराण्यातलं बाळ होतं. आत डाळच होती. चौथ्या पातेल्यापासून बाईंनी झाकण उघडणं सोडून दिलं. नुसत्या वासावरून कळत होतं. सातव्याला त्या खुर्चीवर टेकल्या.

पावणेबाराला टेबलावर चौदा पातेली ओळीनं मांडलेली होती. चौदाही वाटली डाळ. मोदक नाही, वरण नाही, भाताचं शीतसुद्धा नाही. पातेल्यांमागे चौदा घरच्या बाया उभ्या, आणि शेजारणीच्या पातेल्यात काय आहे हे कळत जाईल तशी एकेकीच्या चेहऱ्यावरची झळाळी विझत चाललेली.

मुरलीधरपंत मखरामागून आले. त्यांनी टेबल पाहिलं, मग रेशमी कापडाखाली झाकलेली मूर्ती पाहिली.

"देव अजून पाटावर बसला नाही," ते हळूच म्हणाले, "आणि आपण त्याला निरोपाची खिरापत घेऊन उभे? चौदा वेळा?"

यतीनला बोलावणं गेलं. तो बाहेर गाड्या लावून देत होता. लॅपटॉप उघडून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. मागे बायांचा गराडा. आशाताईही आल्या, हातात काकडीच्या कोशिंबिरीचा डबा. यंदा त्यांच्या वाट्याला कोशिंबीर आली होती.

तक्ता उघडला. टाइलहर्स्टचं सगळं जागेवर, वुडलीचं जागेवर, कॅव्हर्शमचं जागेवर. फक्त अर्लीच्या चौदा घरांपुढं वरपासून खालपर्यंत एकच: 0.00E+00. यतीनचे कान लाल झाले. त्यानं सूत्र तपासलं, सूत्र बरोबर. जुळवणी तपासली, जुळवणी बरोबर. मग तो पुटपुटला, की फाइल खराब झाली असावी, व्हायरसही असू शकेल.

"आमच्या वहीला एकदा झुरळ लागलं होतं," आशाताई म्हणाल्या. "व्हायरस नाही बाई कधी."

चौदा जणी हसल्या. यतीनही कसनुसा हसला, आणि त्याचे खांदे खाली आले. बाईंना ते खांदे ओळखीचे होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषण विसरून हा असाच उभा राहिला होता, आणि त्यानंतर दहावीपर्यंत स्टेजवर चढला नव्हता. आज हा इथून मान खाली घालून घरी गेला, की पुढच्या शनिवारपासून पुन्हा ते गवत.

त्यांनी चष्मा लावला आणि गर्दीतून पुढं झाल्या. "सरका जरा."

पडद्यावरच्या त्या चौदा शून्यांकडे त्यांनी टक लावून पाहिलं. कुठंतरी पाहिलेलं होतं हे. कुठं बरं? आणि मग एकदम बत्तीस वर्षांपूर्वीची ती थंडगार खोली आठवली. खात्यात पहिला कॉम्प्युटर आला होता. चपला बाहेर काढून आत जावं लागे, देवळासारखं. आकडे कार्डांवर भोकं पाडून द्यायचे. आता दहाचा घात म्हणजे दहाच्या डोक्यावर बसवलेला बारीक आकडा, तो भोकांनी कसा लिहिणार? म्हणून मध्ये ई लिहायचा. दोन-ई-तीन म्हणजे दोनावर तीन शून्यं, म्हणजे दोन हजार. तिथल्या साहेबांनी आठ जणींना शिकवलं होतं, आणि आठ जणींत पहिल्या फटक्यात कळलं होतं एकीलाच.

"व्हायरस नाही नि काही नाही!" बाई म्हणाल्या. आवाज एकदम ऑफिसातला. "तुझ्या या मशीनला वाटलं, आपण आकडे दिलेत. शून्य-ई-एक म्हणजे शून्य गुणिले दहा. शून्य-ई-दोन म्हणजे शून्य गुणिले शंभर. चौदापर्यंत जा. उत्तर काय?"

"शून्य," यतीन म्हणाला, आणि त्याचे डोळे मोठे झाले. "आई... सगळीच शून्य. म्हणून चौदा घरं त्याला एकच वाटली. पहिलं घर सापडलं, तिथला पदार्थ त्यानं सगळ्यांना दिला."

नीनाला काही कळलं नव्हतं. बाईंनी तिला समजावलं, की घरात सूनच नसेल तर एकदा हाक मारा, शंभरदा मारा की कोटीवेळा मारा, चहा येणार नाही. तसंच शून्याचं. हे सगळ्यांना कळलं. आणि टी, डब्ल्यू, सी ही अक्षरं मशीनच्या लेखी नुसती अक्षरं, म्हणून ती मंडळी वाचली. आकड्यांत घुसायची मुभा फक्त ईला.

बाई कौतुकानं पडद्याकडे पाहत होत्या. किती शिस्तीचं यंत्र! सांगितलं ते वाचलं, वाचलं ते मोजलं, आणि मोजून शून्य लिहिलं. रेघ नाही मारली. अर्धा मिनिट त्या इतक्या अभिमानात होत्या, की जेवणच नाही हे विसरल्या.

"पण मी म्हणते," आशाताई म्हणाल्या, "हे असले नंबर दिले कोणी?"

सगळ्या यतीनकडे वळल्या.

"मीच दिले, काकू," यतीन म्हणाला. "माझंच चुकलं. सॉरी."

त्यानं आईकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बाई कदाचित गप्प राहिल्या असत्या. तेहतीस वर्षांत चूक आपली निघाली असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे ती कबूल कशी करतात याची सवय नव्हती. घसा खाकरून त्या म्हणाल्या:

"नंबर माझे आहेत. शून्यही माझं, ई पण माझा. हा नको म्हणत होता."

मग जरा थांबून, राहवेना म्हणून, त्यांनी जोडलं, "तरी पद्धत म्हणून चांगली होती."

आशाताईंनी कोशिंबिरीचा डबा खाली ठेवला. आता काय ऐकावं लागतंय म्हणून बाई ताठ उभ्या राहिल्या. पण आशाताई बाहेर गेल्या, आपल्या गाडीची डिकी उघडली आणि एक मोठं मोदकपात्र घेऊन परत आल्या. आत केळीच्या पानावर एकवीस मोदक, अजून वाफेनं ओले.

"वहीतली पहिली ओळ बारा वर्षं हीच आहे," त्या म्हणाल्या. "विश्रांती वहीला दिली होती तुम्ही. गणपतीला कुठं दिली होती?"

मग धावपळ झाली. अक्षयाचं घर पलीकडच्याच गल्लीत, तिनं कुकर लावून वरण आणलं. हॉलच्या मोठ्या पातेल्यात भात शिजला. यतीननं दरम्यान तो रकाना निवडून मशीनला सांगितलं, की हे आकडे नाहीत, नुसती अक्षरं समज. एका क्लिकचं काम. बाईंनी विचारलं, एवढंच? तो म्हणाला, एवढंच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग मात्र दोघंही हसत सुटले.

आरती एक वाजून दहा मिनिटांनी झाली. पंगतीत टाइलहर्स्टच्या पुऱ्या, वुडलीची बटाट्याची भाजी, कॅव्हर्शमची कोशिंबीर, सगळं ठरल्याप्रमाणे आलं. छप्पन्नपैकी बेचाळीस घरं बरोबर. शेकडा पंचाहत्तर, बाईंनी मनात हिशेब केला. पुण्यात त्यांच्या खात्याच्या अंदाजांना एवढे मार्क पडले असते तर लोकांनी हत्तीवरून साखर वाटली असती. आणि ती चौदा पातेली? लोकांनी चौदाही चाखली, वाद घातले, पुन्हा चाखली. सुनेत्राची डाळ सगळ्यांत मोकळी झाली होती, असं बहुमत पडलं. तिनं ते सासूबाईंना कळवण्यासाठी चार जणांकडून लिहून घेतलं. बाईंनी सुनेत्राचं मनापासून अभिनंदन केलं. लिंबू मात्र कमी होतं, हे त्यांनी फक्त वैभवीला सांगितलं.

तीनला मुरलीधरपंत उभे राहिले. सेक्रेटरीच्या नावाबद्दल, ते म्हणाले, आजचा प्रकार लक्षात घेता जरा थांबावं का? यतीन मागच्या रांगेत खुर्च्यांच्या घड्या घालत होता. बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"थांबायचं कशाला?" आशाताई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "दुसऱ्याची चूक आपली म्हणून पुढं उभं राहायचं, सेक्रेटरीला याहून निराळं काम काय असतं? रवी दोन वर्षांत एकदा उभा राहिला नाही. हा पोरगा पहिल्या दिवशी राहिला. लिहा नाव."

नाव लिहिलं गेलं, निळ्या वहीत. टाळ्या वाजल्या. यतीनला पुढं बोलावलं, तर तो हातातल्या खुर्चीसकट गेला. सहा वाजता गणपतीला निरोप देताना नीनाचा नवरा आणि तो मूर्तीचा पाट दोन बाजूंनी धरून चालत होते, आणि गवत कापायचं कुठलं यंत्र चांगलं यावर त्यांचं जोरात चाललं होतं. बाईंना त्याच्यासाठी चार घरं हवी होती. डाळीच्या डब्यांची देवाणघेवाण चालली होती त्यावरून बाईंनी मोजली, तेरा निघाली. नीट मोजून तेरा.

रविवारी बाईंनी नवं कार्ड खरवडलं आणि पुण्याला फोन लावला. कार्डवाली बाई आधी इंग्रजीत सांगून गेली, की आपल्याकडे त्रेचाळीस मिनिटं शिल्लक आहेत. मग सुमन आली. बाईंनी तिला सगळं रंगवून सांगितलं. चौदा पातेली, लाल झालेले कान, हरलेले इंजिनिअर लोक, आणि बत्तीस वर्षांपूर्वी शिकलेली विद्या कशी ऐन वेळी धावून आली ते. चूक एका दृष्टिक्षेपात पकडली बघ, त्या म्हणाल्या.

पलीकडे सुमननं सगळं नीट ऐकून घेतलं. सुमन लहानपणापासून अशीच. आधी ऐकून घ्यायची, मग नेमकं विचारायची.

"ताई," ती म्हणाली, "पण ते शून्य आधी घातलं होतं कोणी? मागच्या फोनवर तू काहीतरी म्हणाली होतीस ना, देव एकाच्या आधी वगैरे?"

हॉलभर माणसांपुढं खरं बोलणं सोपं असतं. धाकट्या बहिणीची गोष्ट वेगळी.

"सुमे, ठेवते गं," लीलावतीबाई घाईघाईनं म्हणाल्या. "कार्डात शून्य मिनिटं राहिलीत."

आणि त्यांनी फोन ठेवला. तेहतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही, न मोजता दिलेलं त्यांचं ते पहिलंच शून्य.